राजे अजून बोलत नाहीत

१२ मार्च २०१९

आज पुन्हा तेच! "ह्याचा बाप बी उशिराच बोलल्याला." सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हे वाक्य आता तोंडपाठ झालंय. पोराचा बाप समोरच जेवत होता. मी विचारलं, "कितव्या वर्षी बोलले हे?" तर म्हणाल्या, "ते काय ध्यानात ऱ्हातंय व्हय? बोलला की न्हाई? आता थांबतोय का?" सगळे हसले. हेही हसले. मीही हसले आणि भाकरी वाढली. मग चुलीपुढे बसून स्वतःचाच राग आला.

राजवीरला दोन वर्षं होऊन गेली. एक शब्द नाही. आई नाही, पाणी नाही, काही नाही. नुसतं अं-अं. घरात त्याला राजे म्हणतात. राजे बोट दाखवतात आणि ती वस्तू हजर होते. रांजणाकडे बोट — पाणी. शिंकाळ्याकडे बोट — गूळ. आता त्यात छावणीची भर. मामा, म्हणजे सासरे, दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळ म्हणून संस्थेनं माळावर चारा छावणी उघडलीय. चार गावची गुरं तिथे, गुरांमागं माणसं तिथे, आणि ती सगळी राजेंच्या बोटावर नाचतात. छावणीचा कारभारी गहिनीनाथ तर त्याला खांद्यावरून खाली ठेवत नाही. म्हणे, "वैनी, राजाला कशाला बोलाया लागतंय? राजाचं काम बोटानंच हुतंय!"

शेजारची ह्याच्याच वयाची पोरगी काल माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "काकू, भाकल." मी तिला अर्धी भाकरी दिली. आत येऊन रडले.

१५ मार्च

वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळलं. राजेंनी सगळं माझ्या पदरावर थुंकलं. टँकर आला नव्हता, पदर तसाच वाळवला. दिवसभर अंगाला वेखंडाचा वास. बोललं कोणीच नाही.

२२ मार्च

आज अंगणवाडीच्या सुभद्राबाई वजन करायला आल्या. जाताना दारापाशी हळूच म्हणाल्या, "ताई, एकदा कान दाखवून घ्या बाळाचे. लवकर दाखवा." हळू बोलून काय उपयोग! आत्याबाईंना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. "माज्या नातवाचं कान? तुज्या अंगणवाडीतली खिचडी बघ आदी, लई पातळ अस्ती!" बिचारी वजनकाटा गुंडाळून गेली.

संध्याकाळी मामांना कळलं. मला वाटलं रागावतील. तर हसले. म्हणाले, "कान बगायचं? चला समदे." आम्हाला सगळ्यांना छावणीवर नेलं. तिथे खांबावर भोंगा आहे. वैरणीचा ट्रॅक्टर आला की गहिनीनाथ भोंग्यावर ओरडतो. राजे मातीत बसले होते, एका गाईच्या पुढ्यात. मामांनी खूण केली. भोंगा असा कडाडला की मी कानावर हात ठेवले. आणि राजे उठले! उठले आणि ट्रॅक्टरच्या वाटेकडे पळत सुटले.

मामांनी त्याला वरच्या वर उचललं. "बगितलं का? आख्ख्या छावणीत पयला ह्योच पळतोय! रोज पळतोय!" बायांनी टाळ्या वाजवल्या. मला तर इतकं हलकं वाटलं! कान चांगले आहेत. मग बोलेल. आज ना उद्या बोलेलच की. घरी आल्यावर शिरा केला.

६ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. साखरेची गाठी राजेंच्या गळ्यात. गाठीतलं अर्धं पदक ओवाळण्याआधीच पोटात गेलं.

सणाच्या दिवशी आत्याबाईंनी नवीन शोध लावला. "दात यायच्या आदी तू त्याला आरसा दावला असंल. आरसा दावला की लेकरू मुकं ऱ्हातंय." आरसा कपाटालाच आहे, आणि कपाट माझ्या माहेरून, केजहून आलेलं. म्हणजे दोष केजचा! दुपारी त्यांनी आरशावर वर्तमानपत्र चिकटवलं. आता मी कुंकू अंदाजानं लावते.

पण खरं सांगू — रात्रभर आठवत बसले, दाखवला होता का, कधी दाखवला होता. बारावी झालेली बाई मी! अगतिक माणूस काहीही खरं मानायला लागतं.

१३ एप्रिल

देवळातली घंटा उलटी धरून तिच्यातून पाणी पाजलं. घंटेत पाणी भरलं की ती वाजत नाही. राजे खुशीत प्यायले, अजून मागितलं. बोटानं.

२१ एप्रिल

आईचा फोन. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "बोलतुया का?" नाही म्हटलं. "मंग कुणाची वाट बगतीस? उचल लेकरू आन नगरला ने. तिथं कानाचं डाक्टर हायत." मी सांगितलं, आई, कान चांगले आहेत, भोंग्याला पळतो. ती म्हणाली, "मंग जिभेचा दाव. डोस्क्याचा दाव. पर दाव."

जेवताना ह्यांच्याकडे विषय काढला. ह्यांचं नाव त्रिंबक, पण घरात ह्यांना 'बघू' म्हटलं तरी चालेल. म्हणाले, "निवडणूक हू दे. मंग बगू."

संस्थेची निवडणूक आहे. मामांच्या विरुद्ध बिभीषणचं पॅनल. पूर्वी मामांच्याच मागे मोटारसायकलवर बसायचा, आता समोर उभा. हे मला समजावून सांगत होते, जणू मी मतदार आहे. "नगरच्या दवाखान्यात आपला निम्मा तालुका बसल्याला असतोय. चेअरमनचा नातू तिथं दिसला तर —"

"तर काय?"

"तर लोक बोलत्याल."

"बोलू द्या की! ह्या घरात निदान कुणाबद्दल तरी कुणी बोलेल!"

ह्यांनी ताट सरकवलं. मीही समजूत काढली नाही.

७ मे, अक्षय तृतीया

निवडणूक पुढे ढकलली. दुष्काळ आहे म्हणून. म्हणजे नगरही पुढे. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आमच्या घराला अगदी शिवून दिलीय.

आंबरस नाही. आंबा आहे, पण तो घोळायला आत्याबाईंचं मन नाही. म्हणाल्या, यंदा गुरं उपाशी असताना गोड कशाला. हे मात्र मला पटलं.

१९ मे



छावणीवरचा भोंगा बिघडला म्हणून दुरुस्तीला आमच्या अंगणात आणला होता. दुरुस्तीवाला तारा जोडत होता. मी चुलीवर पिठलं टाकलेलं. राजे अंगणात, त्याच्याकडे पाठ करून, वाटीनं माती ह्या डब्यातून त्या डब्यात ओतत होते. हाताच्या अंतरावर. दुरुस्तीवाल्यानं न सांगता बटण दाबलं.

कोंबड्या उडाल्या. माझ्या हातातली पळी पडली. आत्याबाई माजघरातून ओरडत आल्या, "आगं काय फुटलं?" आणि राजे — माती ओतत होते. खांदा हलला नाही. पापणी हलली नाही. वाटी भरली, ओतली, परत भरली.

दुरुस्तीवाल्यानं पुन्हा वाजवला. पुन्हा तेच.

आत्याबाई मला म्हणाल्या, "खेळात रमलंय." पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मग छावणीत पळतो कसा? काहीच कळेना. पिठलं करपलं.

२० मे

कळलं.

आज त्याला घेऊन छावणीवर मुद्दाम जाऊन बसले. भोंगा परत खांबावर चढवलाय. वैरणीच्या वेळेला मी भोंग्याकडे नाही बघितलं, पोराकडे बघत राहिले. भोंगा वाजला. राजे बसलेलेच. मग गाई उठल्या. दिवसभर भुकेनं बसलेली गुरं — भोंगा ऐकला की सगळी एकदम उठतात, दावणीला हिसके देतात. गाई उठलेल्या बघितल्या आणि राजे उठले. उठून पळाले.

ऐकत होत्या गाई. माझं लेकरू गाईंकडे बघत होतं.

खात्री करायला थांबले, संध्याकाळची पेंड येईपर्यंत. पेंडीच्या गाडीलाही भोंगा वाजवतात. ह्या वेळी त्याला मांडीवर घेतलं, तोंड पाण्याच्या टाकीकडे, पाठ गुरांकडे. भोंगा वाजला. माझ्या मागे सगळी छावणी उठली. राजे टाकीवरच्या थेंबाला बोट लावत बसले.

आणि त्या दिवशी मी टाळ्या ऐकून शिरा केला होता!

सरकारी माणूस रोज येतो, एकेका जनावराचा कान धरून बिल्ला तपासतो. ह्या छावणीतल्या प्रत्येक गाईचे कान कुणीतरी बघितलेत. माझ्या लेकराचे नाहीत.

२३ मे

ह्यांना नेऊन दाखवलं. स्वतः वाजवा म्हटलं, मी पोराला धरते. वाजवून परत आले तेव्हा तोंड उतरलेलं. जमिनीवरच बसले. म्हणाले, "आप्पाला सांगू नगंस." वडिलांना हे आप्पा म्हणतात.

"का?"

"ते लई जीव लावत्यात त्याला."

मला ह्यांची दया आली आणि त्याच वेळी दोन कानाखाली द्याव्या असंही वाटलं.

९ जून

मी सांगितलं. मामा जेवून ओसरीवर पान लावत होते. डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळं सांगून टाकलं — गाई, टाकी, भोंगा, अंगणातला दुरुस्तीवाला. मामा पान लावायचे थांबले नाहीत. आत्याबाई मात्र उसळल्या. "उठता-बसता तूच बहिरा बहिरा करतीस. आईच्या तोंडातलं खरं हुतंय, कळतंय का तुला?"

दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. मामा पोराला घेऊन गोठ्यामागे गेले होते. राजे गूळ खात होते. मामांनी मागून हाक मारली, "राजे." मग जरा मोठ्यानं, "राजे!" मग ओरडले. सभेत ओरडतात तसे ओरडले. राजे बोटाला लागलेला गूळ चाटत होते. मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

संध्याकाळी मला बोलावलं. "मतदान झालं की म्या सोता नेतो त्याला. नगर न्हाई, पुण्याला नेतो. तवर घरातली गोष्ट घरात."

म्हणजे त्यांना कळलंय. कळूनसुद्धा! चार गावची जनावरं जगवली ह्या माणसानं. कसायाकडे निघालेल्या गाई रस्त्यात अडवून आणल्या. वाईट म्हणता येत नाही त्यांना, हीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर भांडले असते.

१६ जून

वडाला टँकरचं पाणी घातलं. सात जन्म हाच नवरा मागायचा असतो. मी दुसरंच मागून आले.

३० जून

मतदानाची तारीख नाही. कोणाला विचारलं तर वर बोट दाखवतात. सगळेच राजे झालेत.

१८ जुलै

तारीख आली. ऑगस्टात मतदान. मामांचा चेहरा फुलला. घरात चहाची पातेली चुलीवरून उतरत नाहीत. मी दिवसभर कपबश्या विसळते आणि मनात एकच — अजून एक महिना. अजून एक महिना. राजे आता मला तोंड धरून आपल्याकडे वळवतात. दोन्ही हातांत माझं तोंड धरतात आणि माझ्या ओठांकडे बघतात. नुसते बघत राहतात. मी काय बोलू त्याच्याशी? काहीबाही बोलते. गाणी म्हणते. ओठ बघून तो हसतो.

नाही थांबू शकत मी.

२६ जुलै

खोटं बोलले. आई आजारी आहे, केजला जाते म्हटलं. ह्यांनी आष्टीच्या स्टँडवर सोडलं, बीडच्या गाडीची वाट बघत बसले तेही. शेवटी म्हटलं, तुम्ही जा, तिकडे बैठक खोळंबली असेल. ते गेले आणि मी नगरच्या गाडीत चढले. खिडकीशी बसून पदर पुढे ओढला. चोरासारखी! लेकराला डॉक्टरकडे नेणारी चोर.

दवाखान्यात त्याला गोड औषध पाजून झोपवलं. डोक्याला तारा लावल्या. मी त्याच्या पायाशी. कानात आवाज सोडला की यंत्रावरची रेघ हलायला हवी होती. तपासणाऱ्या बाई आवाज वाढवत गेल्या, वाढवत गेल्या. रेघ सपाटच.

डॉक्टरबाई भल्या होत्या. खुर्ची माझ्या शेजारी ओढून बसल्या. दोन्ही कानांना जवळजवळ ऐकू येत नाही, जन्मापासूनच असावं. आधी कानात मशीन, रोजचा सराव, मग पुढे ऑपरेशनचं बघता येईल. "बोलणं ऐकूनच येतं हो. मूल पहिल्या दिवसापासून ऐकून साठवत असतं. ह्याचं साठवायचं वयच निघून चाललंय. हाकेला वळत नाही, वर्षाचा झाला तरी एक शब्द नाही — तेव्हाच यायचं असतं. इतके दिवस का थांबलात?"

काय सांगू? संस्थेची निवडणूक होती?

मी म्हटलं, "घरात लांबचा प्रवास जमत नव्हता." त्यांनी मान हलवली. अशा बाया त्यांना रोज भेटत असणार.

मशीनसाठी दोन आठवड्यांनी बोलावलंय. मला वाटलं होतं, खरं कळलं की निदान रडू येईल. आलं नाही. गाडीत राजे मांडीवर झोपले होते. गाडीचा खडखडाट, कंडक्टरची शिट्टी, मागच्या बाकावर भांडण — आणि हा इतका निवांत!

२७ जुलै

ह्यांना सांगितलं. भांडले नाहीत. म्हणाले, "मशीन कानात दिसतंय का लांबून?"

दिसतं म्हटलं.

"मंग मतदानापतुर थांब."

१० ऑगस्ट

बोलावलेली तारीख उलटली. गाडी प्रचारात. आत्याबाई दिवसभर दारात बसून. आणि ह्यांचं एकच, "आता आठ दिसांसाटी?" छावणी उठली, गुरं घरोघर गेली. राजे रिकाम्या माळाकडे बोट दाखवतात. तिथे आणून देण्यासारखं काही नाही.

१३ ऑगस्ट

नगरच्या गाडीत कोणीतरी बघितलंच होतं. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहतं का!

काल पारावर बिभीषणची सभा. माइक आमच्या घराकडे तोंड करून लावलेला. "चेअरमनच्या घरात कुणालाच ऐकू येत न्हाई! आजाला दूधवाल्याचं ऐकू येत न्हाई, नातवाला तर कायच ऐकू येत न्हाई!" लोक हसले. सगळं ऐकू आलं आम्हाला. मामा पाटावर बसले होते, घास तसाच हातात. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची हुती. तू उघडलीस."

ज्याच्यावर हसत होते, तो एकटाच पोटभर जेवला.

मी बिभीषणच्या घरातल्या माणसाचं तोंड बघणार नाही. तहानेनं मेलं तरी पाणी देणार नाही.

१९ ऑगस्ट

मामा पडले. पॅनल सगळंच पडलं. काल मोजणी झाली तेव्हापासून मामा आतल्या खोलीत. आज संध्याकाळी मिरवणूक आमच्या दारावरून मुद्दाम नेली. ताशा दारात थांबवून वाजवला. उंबऱ्यावर गुलाल पडलाय, पुसायला कोणी उठलं नाही.

हे म्हणाले, "आता पुण्याला जायचं कुणी काढू नगा. आप्पाचं मन थाऱ्यावर येऊ दे." म्हणजे अजून किती ते कोणालाच ठाऊक नाही. बोलून बोलून माझंच तोंड दुखायला लागलंय.

२० ऑगस्ट

सकाळी मागच्या दाराची कडी वाजली. बिभीषणची सून. डोक्यावरून पदर, कडेवर पोरगी, अजून धड चालत नसेल इतकी लहान. पोरीच्या जावळात गुलाल.

"कशाला आलीस?" मी तोडून बोलले.

"ताई, काल हिच्या कानाशी ताशा वाजला. समदी लेकरं रडली. ही झोपल्याली हुती माज्या खांद्यावर. उठलीच न्हाई." तिनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. "आदीबी वळत नव्हती हाकंला. म्या सासऱ्याला सांगितलतं. म्हनले, आदी खुर्चीवर बसू दे, मंग बगू. तुमी गेलत्या तो दवाखाना कुठशीक हाय?"

"किती महिन्यांची?"

"धा सरून अकरावा लागलाय. उशीर झाला का वो, ताई?"

मला आधी तिचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण तेच वाटलं. मग मी राजेंना उचललं, चप्पल घातली. ह्यांनी ओसरीवरून विचारलं, "कुटं?" मी थांबले नाही. तिला म्हटलं, "नाही झाला. चल."